पोट्ट्यायचा तुकडा

आमच्या मळ्यात विहीर आणि नाला यांच्या मधोमध जमिनीचा एक तुकडा होता. त्यात कोणी कधी काही पेरत नसे. आजोबांच्या काळी तिथं खळं होतं. ज्वारीची कणसं तिथंच तुडवली जात आणि बैलही तिथंच बांधले जात. पुढे खळं गावाजवळ नेलं आणि तुकडा तसाच राहिला. वर्षानुवर्षांच्या शेणामुतानं तिथली माती अशी झाली होती, की मूठभर उचलली तर हाताला लोण्यासारखी लागे. एवढ्या चांगल्या जमिनीवर आम्ही पोरं नांदत होतो: मी, माझा धाकटा भाऊ नामा, आणि निंदणाला-वेचणीला येणाऱ्या बायांची लेकरं. घरातली मोठी माणसं त्याला 'पोट्ट्यायचा तुकडा' म्हणत. म्हणताना त्यात थोडी चेष्टा असे, पण आम्ही ते नाव सातबाऱ्यावर चढल्यासारखं मिरवत होतो.

विकत आणलेलं खेळणं आमच्याकडे एकही नव्हतं. पोळ्याच्या आधी नाल्याची चिकण माती काढून आम्ही बैल करायचो, बाभळीच्या काट्यांची शिंगं लावायचो. भुलाबाईच्या दिवसांत झेंडूची तोडणी चाले. अमरावतीच्या बाजाराला जायच्या फुलांतून जी चेमटलेली, किडकी निघत ती आमची. त्यांच्या पाकळ्यांचे आम्ही रस्ते आखत असू. ऊन तापायला लागलं की सावरीची बोंडं फुटून म्हातारीचा कापूस उडायचा, त्याचे ढग करायचे. उन्हाळ्यात पळसाची फुलं, बाभळीच्या वाळक्या शेंगा, चिंचोके, निंबोळ्या. पावसाळ्यात चंद्रज्योतीचं पान तोडलं की देठातून चीक येई. तो गवताच्या फासात धरून फुंकला की फुगे निघत, आणि त्यांत अख्खा मळा उलटा दिसे. एकच चिंचोका सकाळी बियाणं असायचा, दुपारी मातीच्या बैलाचा डोळा व्हायचा आणि संध्याकाळी सोंगटी. कोणती वस्तू कशासाठी, हे ठरलेलं नसे. आता अकोल्याला माझ्या पणतीजवळ एक कुत्रं आहे. बटण दाबलं की ते भुंकतं. दुसरं काहीच करत नाही. पोरीनं ते दोन दिवस दाबलं आणि नंतर ते ज्या खोक्यातून आलं होतं त्या खोक्याशी खेळत बसली. मला तिचं फार बरं वाटलं.

आमचं घर अंजनगावाच्या बाहेर, मळ्याच्या तोंडाशीच होतं. पहाटे जात्याची घरघर सुरू व्हायची, ती थांबते न थांबते तोच विहिरीवर मोटेचं चाक कुरकुरायला लागायचं. मोट वर येऊन पाणी धबदिशी थारोळ्यात पडलं की आम्ही अंथरुणातूनच ओळखायचो, बाबांनी बैल जुंपले. मग लांबून सरकी काढायच्या जिनाचा भोंगा. न्याहारीला शिळी भाकर, जवसाची चटणी आणि कांद्याची पात. दुपारी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी, तिच्यावर लसणाचं कडकडीत तेल. माय भाकरी थापायची तो आवाज अजून माझ्या कानात आहे. दोन हातांचा ठेका असा, की त्यावर कोणी गाणं म्हणावं.

घराचे कर्ते मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांची बायको ती आमची मोठाई. त्यांच्या दोन्ही लेकी लग्न होऊन गेलेल्या, त्यामुळे घरात लहान लेकरं ती आम्हीच. मोठेबाबा वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. आजोबा लवकर गेले आणि मिसरूड फुटायच्या आत त्यांनी मळा खांद्यावर घेतला. माझ्या बाबांना त्यांनीच वाढवलं. बाबा त्यांच्या पुढे कधी खाटेवर बसत नसत. माय तर त्यांच्याशी बोलतच नसे. आमच्यात धाकट्या सुनेनं भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, तोंड उघडायचं नाही अशी रीत होती. मोठेबाबा अंगणात आले की मायचा पदर कपाळावरून नाकापर्यंत उतरायचा आणि ती भिंतीला लागायची. इतक्या वर्षांत तिचा चेहरा त्यांनी नीट पाहिला होता की नाही, मला शंका आहे.

फाल्गुन लागायच्या सुमारास मोठेबाबा नात्यातल्या एका सोयरिकीसाठी चांदूर बाजारला गेले. परतले ते धोतराच्या सोग्यात संत्री बांधून. अंगणात बसून त्यांनी एक संत्रं स्वतः सोललं आणि प्रत्येकाच्या हातावर फोड ठेवली. मायची फोड माझ्या हाती आत पाठवली. सालीचा वास हातांना संध्याकाळपर्यंत राहिला. नाम्यानं बिया जपून ठेवल्या, त्यांचं काय करायचं ते अजून त्याचं ठरलं नव्हतं.

"वरुडाकडं त लोक कापसाची पऱ्हाटी मोडून संत्रा लावून राहिले," मोठेबाबा बाबांना म्हणाले. "आपल्याले बी लावाचा. मी कलमं सांगून आलो. पावसाळ्यात येतीन."

"कुठं लावाचा?" बाबांनी विचारलं.

"कुठं म्हंजे? खळ्याच्या तुकड्यात. इहीर जवळ हाये, माती लोन्यासारखी हाये. आतापासून खड्डे खंदून ठेवले म्हंजे उन्हात चांगले तापतीन."

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. तव्यावरची भाकर करपल्याचा वास आला, आणि मायच्या हातून भाकर करपलेली मी तोपर्यंत कधी पाहिली नव्हती. मग ती दाराशी आली. पदर नाकापर्यंत ओढलेला, हात पिठाचे. ती दाराच्या चौकटीला टेकली आणि माझ्याकडे तोंड करून बोलली.

"शेवंते, तुह्या मोठेबाबाले सांग, तो तुकडा नाई भेटत."

मोठेबाबा तिच्यापासून चार हातांवर बसले होते. त्यांनी सारं ऐकलं होतं. पण त्यांनीही मान माझ्याकडेच वळवली.

"शेवंते, मायले इचार, काहून नाई भेटत? पोट्टे का तथी सोनं पिकवून राहिले?"

"सांग त्यायले, पोट्टे खेळून राहिले."

"खेळाले सारं गाव पडलं हाये म्हना."

"गावात रस्ता हाये, नाई त कोनाचं अंगन हाये. कोनी बी हाकलते. तथून कोनी हाकलत नाई."

मी दोघांच्या मध्ये उभी होते. एका शब्दाचाही निरोप मला पोचवावा लागत नव्हता, तरी दोघंही मलाच सांगत होते. बाबा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसले होते. मोठाईनं तोंडावर हात धरला होता.

"आन ही पोट्टी?" मोठेबाबांचा आवाज चढला. "आज ना उद्या लगनाची होईन. हे का जनमभर मातीचे बैल करत बसन?"

मायनं हातांचं पीठ झटकलं. मला वाटलं, आता ती आत जाईल. पण ती चौकटीपासून सुटी झाली आणि सरळ उभी राहिली.

"सांग तुह्या मोठेबाबाले," ती म्हणाली, "मी या घरात आली तवा माहे दुधाचे दात पडून राहिले होते. शेनाचं टोपलं डोक्यावर होतं आन दात हातात आला. तसाच उकिरड्यावर टाकला. कोनाले दाखवाव म्हटलं त कोनी नव्हतं. खेळ म्हंजे काय असते थे मले ठाऊक नाई. माह्या लेकरायले ठाऊक राहीन. संत्रा लावाचा त वरच्या बरडावर लावा."

मोठेबाबा हसले, पण ते हसणं रागाचं होतं. बरड म्हणजे मळ्याच्या वरच्या अंगाला असलेला गोट्यांचा माळ. तिथं कुसळ्या गवताशिवाय काही उगवत नसे, आणि विहिरीच्या पाटाचं पाणी तिथवर चढत नसे.

"बरडावरचे गोटे कोन काढीन? पानी कोन वाहीन?"

"गोटे मी काढीन. पानी मी वाहीन."

मोठेबाबा उठले, सालं गोळा करून बैलांपुढे टाकली, आणि जाता जाता माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांग मायले. मिरग लागेपर्यंत बरडावर खड्डे दिसले त कलमं तथी. नाई दिसले त खळ्याच्या तुकड्यात. मंग कोनाचं आयकनार नाई."

बाबा त्या दिवशी मायशी एक शब्द बोलले नाहीत. मला त्यांचा राग आला होता. पण दुसऱ्या दिवशी घरातली जुनी सब्बल, म्हणजे पहार, दिसेना. सांजच्याला बाबा ती लोहाराकडून पाणी देऊन, टोक काढून घेऊन आले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी टेकवून ठेवून बैलांकडे गेले. मायनं ती उचलून पाहिली, अंगठ्यानं टोक चाचपलं, आणि परत जागच्या जागी ठेवली. पहाटे दळण उरकून ती सब्बल खांद्यावर टाकून बरडावर गेली.

तेव्हापासून तिच्या एका दिवसाचे दोन झाले. पहाटेचा बरडावरचा आणि मग घरातला. घरातलं एकही काम तिनं कमी केलं नाही, कारण तसं झालं असतं तर मोठाईला बोलायला जागा मिळाली असती. मोठाई तरी बोलतच होती. "पोट्ट्यायच्या खेळासाठी हाडं मोडून घेऊन राहिली, अशी बाई पाह्यली नाई बाप्पा." माय ऐकून घेई. ती आता उभ्यानंच भाकर खाई आणि आंबील प्यायल्यासारखी घटाघटा ताक पिई. गोटे मुरमात रुतलेले. एक उपटायला सकाळ जाई. वरचा टपोरा गोटा निघाला, की खाली त्याचा बाप बसलेला.

पहिल्या दिवशी मी आणि नामा टोपली घेऊन तिच्या मागे गेलो. तिनं आम्हाला पाहिलं आणि सब्बल जमिनीत रोवली.

"इथं काय काम हाये तुमचं?"

"गोटे उचलतो," मी म्हटलं.

"बिलकुल नाई. तुमी इकडं राबाले लागले त मंग मी भांडली कशाले? जा खाली. खेळा."

आम्ही खाली गेलो. हुकूम झाला म्हणून खेळायचं, असा तो माझ्या आयुष्यातला एकच काळ. पळस फुलला होता, चिंचा पिकल्या होत्या, हात भरून सामान होतं. आम्ही फुलांचा ढीग घातला आणि त्याच्याभोवती नुसते बसून राहिलो. वरून सब्बलीचा आवाज येई. ठण्ण झालं की गोट्यावर बसली, खसकन झालं की मुरमात गेली. नामा प्रत्येक ठण्णला डोळे मिटायचा. मजूर बायांची पोरं आली, तीही आवाज ऐकून आमच्यासारखीच बसून राहिली. असे काही दिवस गेले. मग एका सकाळी मी उठून उभी राहिले. मला काही सुचलं असं नाही, मला ते सोसेना एवढंच. मी म्हटलं, "चला, आज किल्ला."

"कुठं?" नाम्यानं विचारलं.

"बरडावर."

आम्ही सगळी पोरं वर गेलो. मायनं काढून टाकलेले गोटे इकडंतिकडं पडले होते. आम्ही ते लोटत, ओढत, दोघं-दोघं मिळून उचलत उताराच्या कडेला नेले आणि एकावर एक रचायला लागलो. मायनं कमरेवर हात ठेवले.

"काय सांगतलं होतं मी?"

"माय, आमी काम नाई करून राहिलो," मी म्हटलं. "आमी खेळून राहिलो. हा आमचा किल्ला होय."

तिनं आमच्याकडे पाहिलं, गोट्यांच्या ओळीकडे पाहिलं, आणि तोंड फिरवून परत सब्बल उचलली. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, ते मागून कळलं नाही. पण तिनं आम्हाला हाकललं नाही. तो किल्ला पुढं आम्ही इतका उंच नेला की तो नुसता किल्ला राहिला नाही आणि नुसता बांधही. कधी त्याला दरवाजे होते, कधी तो आगगाडी व्हायचा, कधी नाम्याची शाळा. पळसाची फुलं आम्ही खालून आणून त्याच्या फटींत खोचली. मायला एवढं मात्र कळलं होतं, की तिला लागणारी मोकळी जागा रोज थोडी वाढत होती.

वैशाखात एक दिवस मायला विंचू चावला. गोटा उचलला आणि खाली तो होता. मी तिची किंकाळी ऐकली नाही, कारण तिनं किंकाळी मारलीच नाही. ती फक्त खाली बसली आणि मला म्हणाली, "नाम्याले इकडं येऊ देऊ नको." तिला घरी आणलं. हात कोपरापर्यंत टम्म सुजला होता. मोठाईनं मनगटावर फडकं आवळून बांधलं, कांदा कुटून लावला, आणि दिवसभर मायचं डोकं मांडीवर घेऊन बसली. सकाळी जी बाई टोमणे मारत होती तीच दुपारी शिव्या देत होती, पण विंचवाला, बरडाला आणि संत्र्याला. माय दात आवळून पडून होती. मला वाटलं, आता संपलं. मी एकटीच तुकड्यात गेले आणि मोठेबाबा खड्ड्यांच्या खुणा कुठं करतील ते बघत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सब्बल जागेवर नव्हती. माय बरडावर होती. सुजलेला हात फडक्यानं छातीशी बांधलेला, आणि दुसऱ्या हातानं ती सब्बल उचलून टाकत होती. एका हातानं ती सरळ पडत नव्हती. ती परत उचलत होती. मी धावत वर गेले तर माझ्या आधीच मोठेबाबा तिथं पोचलेले. ते मोटेवरून तिला पाहून तसेच चढून आले होते, पाय भिजलेले. मायनं पदर ओढायला हात उचलला, पण मोकळा हात एकच आणि त्यात सब्बल होती. पदर तसाच राहिला.

"बाई, आज राहू दे," मोठेबाबा म्हणाले.

मी तिथं होते, पण ते माझ्याशी बोलले नव्हते. हे त्यांच्याही लक्षात आलं, मायच्याही. दोघंही अवघडून उभे राहिले. बरडावर वारा सुटला होता आणि मायचे केस तिच्या उघड्या तोंडावर येत होते. मग माय म्हणाली, तिनंही माझ्याकडे न बघता, "खड्डे झाले की राहू देईन."

मोठेबाबांनी खाली मान घातली. आमच्या किल्ल्याशी जाऊन त्यांनी एक सुटा गोटा पायानं नीट बसवला. जाताना ते पुन्हा जुन्या रीतीवर आले. "शेवंते, मायले सांग, गोट्याखाली हात घालाच्या आंधी सब्बलीनं उलथून पाहाचा."

"सांग, पाहीन," माय म्हणाली.

मृगाच्या आधी खड्डे तयार झाले. मोठेबाबा काठी घेऊन आले आणि प्रत्येक खड्ड्यात काठी घालून पाहिली. त्यांनी काहीही माफ केलं नाही. एक खड्डा उथळ निघाला, तो मायनं त्यांच्यासमोर खोल केला. कलमं गाडीत गवतात गुंडाळून आली आणि बरडावर लागली. पाऊस सरल्यावर माय पाण्याच्या घागरी वाहायला लागली, आणि ती हिवाळाभर, उन्हाळाभर वाहत राहिली. काही कलमं वाळली, तिथं दुसरी लावली. त्या झाडांना पहिली फळं आली ती मी सासरी असताना. माझं लग्न मोठेबाबा म्हणत होते तितक्या लवकर झालं नाही. त्याबद्दल घरात पुन्हा कोणी बोललं नाही, आणि मी तोपर्यंत गावच्या शाळेतली चौथी शिकून घेतली होती. मायला हे सगळं आधीच दिसत होतं का, असं मी तिला म्हातारपणी विचारलं होतं. ती म्हणाली, "मले एवढंच दिसत होतं का तुकडा जाऊन राहिला."

पण मला सांगायची आहे ती कलमं लावल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्याची गोष्ट. तूर निघाली होती. तुरीची वाळकी झाडं, आम्ही त्यांना तुराट्या म्हणतो, घराला कुडासाठी आणि चुलीला लागायची, त्यामुळे पोरांच्या हाती कोणी देत नसे. एका दुपारी मोठेबाबा तुराट्यांनी भरलेली गाडी घेऊन शेतावरून आले. घराकडे वळायच्या ऐवजी त्यांनी बैल नाल्याकडे घातले. तुकड्याच्या कडेला गाडी उभी केली, दोरी सोडली, आणि निम्मी गाडी तिथंच रिकामी केली. आम्ही पोरं खेळ सोडून बघत होतो. त्यांनी अंगावरचा भुसा झटकला.

"काय करसान याचं?" त्यांनी मला विचारलं.

"अजून ठरलं नाई," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले आणि गाडी हाकून निघून गेले.

आम्ही घर केलं. खेळातलं नव्हे, माणूस आत जाईल असं. तुराट्या उभ्या रोवल्या, पळसाच्या सालीच्या दोऱ्यांनी आवळल्या, वर कडबा टाकला, आत नाल्याची रेती अंथरली. ते तिरपं झालं, पण उभं राहिलं. माय घागर घेऊन बरडाकडे निघाली होती, ती बघून थांबली. घागर खाली ठेवून ती वाकून दारातून आत आली. आत आम्ही सगळे दाटीनं बसलो होतो, आम्ही सरकून जागा केली. ती मांडी घालून बसली. तुराट्यांच्या फटींतून ऊन येत होतं, त्याच्या रेघा तिच्या लुगड्यावर, हातांवर पडल्या होत्या. तिनं एकदा छताला हात लावून पाहिला. आत काय करतात, असं तिनं विचारलं नाही. नाम्यानं तिच्या ओंजळीत चिंचोके दिले, ते तिनं घेतले.

तेवढ्यात घराकडून मोठाईची हाक आली. मग दुसरी आली, जरा वरच्या पट्टीत.

"आली वं बाई!" माय मोठ्यानं म्हणाली, आणि बसूनच राहिली.